नळावरून दिसणारा राज्यकारभार

व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही उत्साहाच्या भरात ‘राज्याचे आणि देशाचे राजकारण’ असे सांगून मोकळे झालो. घरी आल्यावर मात्र घाम फुटला. दिल्लीत कोण कोणाला जाऊन मिळाले, मंत्रालयात कोणाची खुर्ची डळमळू लागली, याची खडान्‌खडा माहिती असलेली मंडळी या श्रोत्यांत पुष्कळ आहेत. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाने, युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटाने आणि लेबर कोर्टाच्या कागदांनी केले. तेव्हा आम्ही असे ठरवले की, ज्या जागेवरून आम्ही आयुष्यभर राजकारण पाहत आलो, तिथूनच ते आपणांस दाखवावे. ती जागा म्हणजे सार्वजनिक नळ.

आमचे बालपण भांडुपच्या टेकडीवरच्या चाळींत गेले. पहाटे तीनला आई उठवायची. खालच्या नळाला पाणी तासभर यायचे आणि हंड्यांची रांग मात्र रात्रीच लागलेली असायची. ज्याचा हंडा पुढे त्याचा नंबर पुढे, हा तिथला कायदा. हंडा हलवला तर भांडण, आणि चावीवाला उशिरा आला तर सगळ्यांचा दिवस वाया. आईची फॅक्टरीतली पाळी सातची होती. पाणी नाही मिळाले तर तिचा खाडा व्हायचा. टेकडीच्या त्याच अंगाला महापालिकेचे मोठे जलशुद्धीकरण केंद्र आहे. साऱ्या मुंबईच्या पाण्यापैकी फार मोठा भाग तिथे गाळला जातो आणि माणूस उभा राहील एवढ्या जाड नळांतून पुढे शहराकडे जातो. आम्ही त्या नळांना कान लावून आतल्या पाण्याचा आवाज ऐकत असू. एकदा आम्ही आईला विचारले, “एवढे पाणी इथूनच जाते, मग आपल्याला का नाही?” ती म्हणाली, “ते आपले नव्हे, बाळा. ते मुंबईचे आहे.” भांडुप तर १९५० सालापासून मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे. पण आईचे म्हणणे चूक होते असे आम्ही आजही म्हणणार नाही. तिच्या त्या एका वाक्यात शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास होता. तो आम्हांला फार उशिरा वाचायला मिळाला.

इंग्रजी अमदानीत मुंबई बेटावर वस्ती वाढली, विहिरी व तलाव पुरेनासे झाले. तेव्हा १८५६ ते १८६० या काळात साष्टीच्या डोंगरात विहार तलाव बांधण्यात आला. पुढे १८७९ मध्ये तुळशी आला. हे दोन्ही तलाव बेटाबाहेर, आज ज्याला आपण उपनगर म्हणतो त्या भूमीवर. त्या काळी साष्टी हा ठाणे जिल्ह्याचा तालुका होता. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही खेडी होती. डोंगर त्यांचा, पाऊस त्यांच्या डोक्यावर पडणारा, जमीन त्यांची पाण्याखाली गेलेली. पण पाणी निघाले माहीमच्या खाडीपलीकडे. या खेड्यांना कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणच नव्हते. मुंबईच्या नगरपालिकेत त्यांना मत नव्हते आणि सरकारात तर कोणालाच नव्हते.

यावरून कोणी असे समजू नये की, बेटावरच्या गरिबाला फार मोठा अधिकार होता. १८८८ च्या महापालिका कायद्याने नगरसेवकांना सभागृह दिले, पण कारभाराची दोरी आयुक्ताच्या हाती ठेवली आणि आयुक्त नेमण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला. साहेबांचे सरकार गेले, आपले आले. ही व्यवस्था अजून तशीच आहे. मत देण्याचा हक्क आधी कर भरणाऱ्यांना, नंतर अमुक एक भाडे देणाऱ्यांना मिळाला. गिरणीच्या खोलीत आठ-आठ जणांनी मिळून राहणारा कामगार त्यात बसत नव्हता. प्रत्येक प्रौढ माणसाला मुंबई महापालिकेत मत मिळाले ते १९४८ च्या निवडणुकीत. म्हणजे विहारचे पाणी आल्यावर जवळजवळ नव्वद वर्षांनी, ते पाणी पिणाऱ्या सर्वांना ‘पाणी कोणाला द्यायचे’ या प्रश्नात तोंड उघडण्याचा अधिकार मिळाला.

आता उपनगरांकडे वळू. १९२० मध्ये ठाण्यातून वेगळा काढून मुंबई उपनगर जिल्हा करण्यात आला. जागोजागी लहान नगरपालिका व ग्रामपंचायती होत्या. फाळणीनंतर आणि लढाईनंतर वस्ती झपाट्याने वाढली आणि १९५० मध्ये महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत व मध्य रेल्वेच्या बाजूला भांडुपपर्यंत आणली गेली. फेब्रुवारी १९५७ मध्ये ती दहिसर व मुलुंडपर्यंत गेली. मुलुंड व दहिसरचे जकात नाके ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही सरहद्द समजावून सांगावी लागणार नाही.

हे १९५७ साल नीट लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वेळी सारा महाराष्ट्र एका प्रश्नाने पेटलेला होता : मुंबई कोणाची? नोव्हेंबर १९५५ मध्ये फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची घोषणा झाली आणि पुन्हा गोळ्या चालल्या. या लढ्यात शंभराहून अधिक माणसे गेली. त्यांत गिरणी कामगार होते, हातगाडीवाले होते, शाळकरी मुलेही होती. नोव्हेंबर १९५६ मध्ये द्विभाषिक राज्य माथी मारण्यात आले आणि १९५७ च्या निवडणुकांत मतदारांनी त्याचा जाब विचारला. मुंबई महापालिकेत संयुक्त महाराष्ट्र समितीचे आचार्य दोंदे महापौर झाले. पुढच्या वर्षी एस. एस. मिरजकर महापौर झाले. ज्यांना इंग्रजांनी मीरत कटाच्या खटल्यात आरोपी म्हणून उभे केले होते, ते कामगार पुढारी महापौरांच्या खुर्चीवर बसले, ही गोष्ट आमच्यासारख्याला आजही सांगताना अभिमान वाटतो. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

परंतु नळावर उभे राहिल्यावर दुसराही प्रश्न मनात येतो. मुंबई महाराष्ट्राची झाली, पण मुंबईतले पाणी मुंबईतल्या सगळ्यांचे झाले का? १९५७ मध्येच वैतरणेवरचा मोडकसागर पुरा झाला. पाणी वाढले. तरीही गोरेगाव, मालाड, भांडुप, मुलुंडच्या वस्त्यांना ते थेंबाथेंबाने मिळत होते. राज्य मिळाले म्हणजे नळाला पाणी आले असे होत नाही. त्यासाठी वेगळी खटपट करावी लागते. ही खटपट कशी करायची, याचा धडा आमच्या उपनगरांना एका बाईने घालून दिला.

मृणाल गोरे यांनी डॉक्टरीचे शिक्षण अर्धवट सोडून समाजवादी चळवळीत उडी घेतली. गोरेगावात पती केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याबरोबर त्यांनी सार्वजनिक काम उभे केले. १९५८ मध्ये पती वारले, पदरात लहान मुलगी होती. १९६१ मध्ये त्या महापालिकेत निवडून गेल्या. सभागृहात त्या काय बोलल्या याच्याइतकेच, सभागृहाबाहेर त्यांच्यामागे कोण उभे होते, हे महत्त्वाचे आहे. रिकामे हंडे घेतलेल्या बायका त्यांच्यामागे होत्या. आम्हां युनियनवाल्यांना मोर्चाचे नवल नाही. पण कामगाराचा मोर्चा निघाला तर कारखाना थांबतो, मालक बोलणी करतो. बाईच्या कामाला ना मस्टर, ना पगार, ना संप. तिने आपले काम थांबवले तर तिचीच मुले तहानेली राहतात. तेव्हा तिने आपले काम उचलून महापालिकेच्या दारात नेऊन ठेवले. हंडा हे तिचे मागणीपत्र झाले. लोक गोरेबाईंना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले.

१९७२ मध्ये त्या विधानसभेवर गेल्या. ते साल दुष्काळाचे. धान्य, तेल, साखर, रॉकेल सगळेच महागले. मृणालताई, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका महागाई प्रतिकार महिला समितीत एकत्र आल्या. लाटणी निघाली, थाळ्या वाजल्या. पुढे जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. मृणालताई काही महिने भूमिगत राहिल्या, मग त्यांना पकडून तुरुंगात टाकण्यात आले. मार्च १९७७ च्या निवडणुकीत त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या आणि पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. तेव्हा गल्लीगल्लीत एकच घोषणा होती : ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!’ आम्ही त्या वेळी पोरवयाचे होतो. घोषणेतला राग कळत नव्हता, पण यमक पाठ झाले होते.

या घोषणेत गंमत आहे तसा विचारही आहे. वर्तमानपत्रे सांगतात की, देशाचे राजकारण दिल्लीत घडते आणि मग हळूहळू पाझरत खाली येते. इथे उलट झाले. वीस वर्षे नळावर उभी असलेली बाई नळावरूनच दिल्लीला गेली. ज्यांनी तिला पाठवले त्यांना घटनेची कलमे पाठ नव्हती. पण ज्या राजवटीत विचारण्याची सोय उरली नाही, त्या राजवटीत पाणीही मागता येणार नाही, एवढे त्यांना बरोबर कळले होते. मतस्वातंत्र्य ही सुशिक्षितांची चैन आहे, गरिबाला भाकरी पुरे, असे म्हणणारे विद्वान आम्ही पाहिले आहेत. त्यांनी कधी रांगेत हंडा लावलेला नसतो.

इथवर सांगितलेली कथा आम्हांला सोयीची आहे. उपनगरातल्या गरिबाने झगडून हक्क मिळवला, असे म्हणून टाळ्या घेऊन खाली बसता येईल. पण पुढची हकीकत सांगितली नाही तर आम्ही आपली फसवणूक केल्यासारखे होईल.

आमच्या चाळीला पाणी आले. आम्ही मुलुंडच्या बाजूला एका कारखान्यात टर्नर म्हणून लागलो, युनियनचे काम करू लागलो. दरम्यान आमच्या वर, टेकडीच्या माथ्याकडे, नव्या झोपड्या उभ्या राहिल्या. त्यांत मराठवाड्यातून आलेले होते, कोकणातले होते, उत्तरेकडचेही होते. झोपड्यांना मान्यता देण्यासाठी सरकार एक तारीख ठरवत असे. त्या तारखेच्या आधीचे ते आपले, नंतरचे ते परके. १९८५ ची तारीख होती ती १९९५ झाली, १९९५ ची २००० झाली. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, तारखेची पद्धत कोणी सोडली नाही. १९९६ मध्ये राज्य सरकारचे परिपत्रक निघाले की, तारखेनंतरच्या झोपड्यांना पाण्याची जोडणी देऊ नये. आणि वरच्या वस्तीने पाणी मागितले तेव्हा आमच्या चाळीतून विरुद्ध अर्ज गेला. त्यांना पाणी दिले तर आमचा दाब कमी होईल, असे त्यात लिहिले होते. तो अर्ज सुवाच्य अक्षरात आम्हीच लिहिला आणि पहिली सहीही आमचीच होती.

काही वर्षांनी एका द्वारसभेत आम्ही कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलत होतो. समान कामाला समान दाम, हा आमचा आवडता विषय. सभा संपल्यावर एक कंत्राटी मजूर जवळ आला. तो म्हणाला, “भाऊ, भाषण चांगले झाले. मी तुमच्याच टेकडीवर राहतो, वरच्या अंगाला. समान कामाला समान दाम म्हणता, मग समान तहानेला काय म्हणायचे?” त्याला तो अर्ज माहीत होता की नव्हता, हे आम्ही विचारले नाही. विचारण्याचा धीर झाला नाही. मालकाच्या पुढे बसून तासन्‌तास बोलणी करणारे आम्ही, त्या माणसासमोर खाली पाहत उभे राहिलो. आमच्या आईला जे उत्तर कोणीतरी दिले होते, ‘ते तुमचे नव्हे’, तेच उत्तर आम्ही त्याच्या बायकोला आमच्या हस्ताक्षरात लिहून दिले होते. दुसऱ्या आठवड्यात आम्ही वरच्या वस्तीत गेलो आणि नवा अर्ज लिहायला बसलो. त्यांना गटाने मिळून एक जोडणी मिळायला पुढे अनेक वर्षे लागली. आमच्या चाळीतल्या काही शेजाऱ्यांनी तेवढी वर्षे आमच्याशी बोलणे टाकले होते. त्यांना आम्ही दोष देत नाही; तो अर्ज लिहून त्यांना भीती शिकवणारे आम्हीच होतो.

पुढे पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, पिण्याचे पाणी हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि वस्ती बेकायदा आहे एवढ्या कारणाने माणसाला पाणी साफ नाकारता येणार नाही. अधिकृत घरांइतकेच पाणी द्या असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. महापालिकेच्या हिशेबात तर वर्षानुवर्षे इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर असे माप होते. माणसाच्या तहानेचे हे प्रमाण कोणत्या वैद्याने काढले होते ते आम्हांला कळलेले नाही.

आता आणखी एक पायरी वर चढू, म्हणजे पाण्याच्या उगमाकडे जाऊ. आज मुंबई पिते ते पाणी सात तलावांचे. विहार व तुळशी आपल्या अंगणातले, पण त्यांचा वाटा आता अगदी थोडा. बाकीचे तानसा, मोडकसागर, भातसा, ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ मध्ये पुरा झालेला मध्य वैतरणा हे सगळे ठाणे, पालघर, नाशिक या जिल्ह्यांतले. रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी तिकडून येते. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यात उन्हाळा आला की आदिवासी पाड्यांवर टँकर जातात आणि बायका विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात. त्यांच्या शेजारून मुंबईचे नळ वाहत येतात. १८६० मध्ये विहारकाठचे जे होते ते आज शहापूरकर आहेत, आणि तेव्हाच्या बेटाच्या जागी आज आपण आहोत.

आणि आपण आता दुबळे राहिलेलो नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३१ लाख आणि उपनगर जिल्ह्यात सुमारे ९३ लाख ५७ हजार माणसे मोजली गेली. मुंबईच्या ३६ आमदारांपैकी २६ उपनगर जिल्ह्यातून जातात. म्हणजे चार मुंबईकरांत तीन उपनगरवासी. विहारचे पाणी नेणाऱ्यांना आपण जो प्रश्न विचारत होतो, तो आता आपल्यालाच लागू होतो.

शेवटी चालू काळाबद्दल दोन गोष्टी सांगतो. पहिली मुलुंडच्या नाक्याची. महापालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्न जकातीचे होते. ट्रकवाल्यांचा वेळ जात होता, चिरीमिरीच्या तक्रारी होत्या, यात शंका नाही. पण पैसा गोळा करणारी व खर्च करणारी संस्था एकच होती. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, जकात बंद झाली आणि महापालिकेला राज्य सरकारकडून भरपाई मिळू लागली. दिल्लीत कायदा झाला, मंत्रालयातून पैसा येऊ लागला, आणि नळ दुरुस्त करणाऱ्याची नजर नाक्यावरून वर वळली. जो पगार देतो त्याचे ऐकावे लागते, हे कामगाराला समजावून सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. २०१७ मध्ये निवडून आलेल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली नाही. एका सरकारने प्रभाग २२७ चे २३६ केले, पुढच्या सरकारने २३६ चे पुन्हा २२७ केले, आरक्षणाचे वाद कोर्टात गेले, आणि तीन वर्षांहून अधिक काळ देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका एकटा प्रशासक चालवत राहिला. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांची निवडणूक मुदतीत घ्यावी असे स्पष्ट सांगितले असतानाही हे घडले. या काळात आम्ही निरनिराळ्या वस्त्यांत विचारत होतो, “तुमचा नगरसेवक कोण?” लोक जुने नाव सांगत. म्हणजे पद रिकामे झाले आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नव्हते. १९४८ मध्ये मिळालेला हक्क असा अलगद हातातून गेला, आणि त्यासाठी एकही हंडा वाजला नाही. संध्याकाळी दूरचित्रवाणीवर दिल्लीची भांडणे पाहण्यात आपण दंग होतो.

दिल्लीकडे पाहू नका असे आम्ही म्हणत नाही. पाणीवाली बाई स्वतः दिल्लीला गेलीच होती. पण पुढारी कोणत्याही पक्षाचा असो, त्याचे भाषण ऐकून झाल्यावर त्याला विचारावे की, आमच्या नळाची चावी कोणाच्या हातात आहे, त्या माणसाला जाब कोण विचारू शकतो, आणि आमच्या वर राहणाऱ्याला पाणी मिळते की नाही. यांतले शेवटचे विचारायला सगळ्यांत जड जाते, कारण त्याचे उत्तर पुष्कळदा आपल्याच घरात असते.

आमची आई आता ऐंशीच्या पुढे आहे. नळ घरात आहे, पाणी सकाळी ठराविक वेळी येते. तरीही ती पहाटे तीनला उठते आणि अंधारात बसून राहते. परवा तिला शहापूरच्या पाड्यांची हकीकत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्या बायकांचा नंबर कोण लावतं रे?” याचे उत्तर आम्हांला देता आले नाही. म्हणून हा प्रश्न या सभेपुढे ठेवून आम्ही आपली रजा घेतो.